रिकाम्या खुर्च्यांचा वर्ग

आनेझाच्या खोलीत भिंतीवर सोनेरी अक्षरांचं एक प्रमाणपत्र टांगलेलं होतं आणि ते नजरेला पडलं की तिचं डोकं फिरायचं. गेल्या वर्षी अथेन्समध्ये टायरच्या दुकानाशेजारी ‘अकादमी’ अशी पाटी लावून बसलेल्या एका माणसानं सहा शनिवार-रविवार काहीबाही शिकवून ते तिच्या हातात ठेवलं होतं. ते घेऊन ती अँब्युलन्स सेवेच्या कचेरीत गेली, तेव्हा तिथल्या माणसानं ते उजेडात धरून पाहिलं, कागद जाड आहे म्हणाला, आणि फ्रेम करून घ्या म्हणाला. तिनं खरंच फ्रेम करून घेतलं. पुन्हा कुणाच्या गोड बोलण्याला भुलू नये म्हणून.

तिला कागद हवाच होता, पण खरा. आमच्या बेटावर अँब्युलन्स एक आणि ती चालवणारा झानीसही एकच. नियमानं गाडीत दोन माणसं लागतात. दुसऱ्या माणसाची जागा मंजूर होती, भरलेली नव्हती. मंजूर असून न भरलेल्या जागा हे आमच्या बेटाचं मुख्य पीक आहे. त्यामुळे रस्त्यात जो दिसेल त्याला हाक मारून झानीस स्ट्रेचरचं दुसरं टोक त्याच्या हातात द्यायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी आनेझा ज्या लॉजमध्ये कामाला होती, तिथल्या जिन्यावरून एक पाहुणा पडला. मान हलू द्यायची नाही, एवढंच झानीस तिला म्हणाला. आरोग्य केंद्र येईपर्यंत तिनं त्या अनोळखी माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. त्यानंतर झानीस रस्त्यात कुणाला शोधेनासा झाला. सरळ तिलाच फोन करायचा.

“तुझे हात थरथरत नाहीत,” तो म्हणाला होता. “पण कागद आण बाई. बिनकागदाची तुला मागं बसवली आणि काही विपरीत झालं, तर तू घरी आणि मी तुरुंगात.”

खरा कागद म्हणजे दोन वर्षांचा सरकारमान्य अभ्यासक्रम. तो मिळण्याची ठिकाणं तिनं इतक्यांदा धुंडाळली होती की मोबाइलला बोट लागायचा अवकाश, तीच पानं उघडायची. अथेन्समधली खाजगी महाविद्यालयं होती. त्यांच्या जाहिरातीत सगळे विद्यार्थी हेलिकॉप्टरजवळ उभे असत आणि त्यांची फी ऐकून तिचा बाप मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीतून फोनवर नुसता हसला होता. अथेन्सला लागून असलेल्या पिरेअस बंदरात सरकारी संस्था होती. तिथं फी नाही, शिक्षण उत्तम, पण राहायचं स्मारो आत्याकडे. आत्या स्वयंपाकघरात घडीची खाट टाकून देणार आणि त्या खाटेच्या बदल्यात दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ अक्कल शिकवणार. आत्याच्या घरी आनेझा चार दिवस राहिली की पाचव्या दिवशी तिला बंदरावरची कुठलीही बोट चालायची.

तिसरा रस्ता बेटावरच निघाला. हायस्कूलच्या इमारतीत संध्याकाळी सरकारचे प्रशिक्षण वर्ग भरायचे. आदल्या वर्षी मधमाशीपालन झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षी मिठाई. कचेरीत द्रोसुलाबाई बसायच्या. चष्मा साखळीत, साखळी गळ्यात, आणि उत्तर ओठांवर तयार.

“वीस अर्ज आण, अँब्युलन्सचा वर्ग उघडते,” द्रोसुलाबाई म्हणाल्या. “शिकवायला डॉक्टर सारांदीस तयार आहेत. प्रात्यक्षिक झानीसच्या गाडीवर. बारावीचा दाखला तेवढा हवा, वयाची अट नाही.”

“माझा एक झाला.”

“मग एकोणीस राहिले,” द्रोसुलाबाई म्हणाल्या आणि चष्मा सोडून दिला.

झानीसच्या गाडीवर प्रात्यक्षिक, रात्री स्वतःच्या पलंगावर झोप, आणि दोन वर्षांनी तीच मंजूर जागा. हे ऐकून आनेझा कचेरीतून जी निघाली ती थेट याकूमीसच्या कॉफीघरात शिरली. याकूमीस पन्नाशीचा, पोटानं मोठा, मनानं त्याहून मोठा आणि जिभेनं सगळ्यांत मोठा. तिनं अडचण सांगितली. त्यानं कॉफीचं भांडं गॅसवरून उतरवलं.

“म्हणजे तुला फक्त नावं पाहिजेत?”

“फक्त नावं, काका. वर्गाला यायची गरज नाही. वर्ग उघडला की झालं.”

“अगं, मग त्यात विचारायचं काय? आण इकडे.”

आता आमच्या माणसांचं एक सांगायला हवं. कर भरायला सांगा, तीन वर्षं घेतील. पण कुणाच्या पोरीसाठी सही करायची म्हटली की इथं कुणी चष्मा शोधत बसत नाही. सिगारेट पुढं करावी तशी सही पुढं करतात. याकूमीसनं सही केली, त्याच्या बायकोनं केली, दोन्ही मेव्हण्यांनी केली. चर्चचे फादर, आमच्याकडे फादर लग्न करतात, दाखला शोधायला म्हणून घरी गेले आणि बायकोलाही घेऊन आले. बंदराजवळ राहणारी कोंदिलो मावशी स्वतः आली आणि येताना पत्त्यांच्या अड्ड्यातल्या तिघींना ओढून आणलं. आनेझानं आईपुढं अर्ज ठेवला तेव्हा आई, म्हणजे मार्गारो, वांगी तळत होती. “आई, इथं सही कर,” आनेझा म्हणाली. आईनं हात पुसला आणि सही केली.

एकोणीस हवे होते, चाळीस झाले. याकूमीसला थांब म्हणायची सोय नव्हती. “वर्ग उघडला नाही तर माझं नाव बदल,” असं तो प्रत्येक टेबलाला सांगत होता. बेटावर इतक्या वर्षांत लोकांना एकत्र येऊन करण्यासारखं काही मिळालं नव्हतं, ते आनेझानं मिळवून दिलं. त्या आठवड्यात ती रस्त्यानं चालली की लोक खिडकीतून हात हलवायचे. ती खूश होती. तिच्या बाजूनं सगळं गाव उभं होतं, आणि गाव बाजूनं उभं राहिलं की माणूस सावध राहत नाही.

पंधरा दिवसांनी हायस्कूलच्या दारावर निवडयादी लागली. जागा पंचवीस. पहिल्या नंबरावर फादरची बायको, चौथ्यावर मार्गारो विदाली, नवव्यावर याकूमीस, अकराव्यावर कोंदिलो मावशी. आनेझानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. खालून वाचताना ती लवकर सापडली. तिचा नंबर अडतिसावा होता.

“गुणांवर लागते यादी,” द्रोसुलाबाई म्हणाल्या. “चार मुलं असतील त्याचे गुण जास्त. कामाच्या वर्षांचे गुण वेगळे. बेकारीचे वेगळे. तुला मुलं नाहीत, लग्न नाही, काम तेवढं उन्हाळ्यात. तुला कुठून गुण देऊ मी?”

“पण त्यांना शिकायचंच नाहीये. ते माझ्यासाठी आले.”

“अर्जात ‘मी आनेझासाठी आलो’ असा रकाना नाही.”

“बाई, हे तुम्हाला आधी माहीत होतं.”

“होतं की.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू वीस आणायला गेलीस. चाळीस घेऊन आलीस. मला वाटलं तुझा काही विचार असेल,” द्रोसुलाबाई म्हणाल्या. हे त्या इतक्या मनापासून म्हणाल्या की आनेझाला टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून आपटावंसं वाटलं. तिनं ते केलं नाही, कारण अजून एक वाट होती. आठ दिवसांत प्रत्येकानं कचेरीत येऊन प्रवेश पक्का करायचा होता. जो येणार नाही त्याचं नाव गळणार आणि खालचा वर सरकणार. गावानं सही केली होती, आता गावानं घरी बसायचं होतं. याहून सोपं काम बेटावर कुणाला सांगता आलं नसतं.

फादर आणि त्यांची बायको लगेच बाजूला झाली. मेव्हणे झाले. आनेझा रोज कॉफीघर, बेकरी, बंदर अशी फेरी मारायची आणि एकेक नाव खोडून यायची. मग तिसऱ्या दिवशी कुणीतरी नियम वाचला, आणि आमच्या बेटावर कुणी नियम वाचला की समजावं, आता काहीतरी बिघडणार. प्रवेश पक्का करणाऱ्याला विद्यार्थ्याचं ओळखपत्र मिळणार होतं. ओळखपत्रावर बोटीचं भाडं अर्धं.

“दर महिन्याला मला पिरेअसला डोळे दाखवायला जावं लागतं, पोरी,” कोंदिलो मावशी म्हणाली. तिच्या अंगणात आनेझा उभी होती, बसली नव्हती. “दोन वर्षं अर्ध्या भाड्यात. तू माझ्या जागी असतीस तर सोडलं असतंस?”

“मावशी, तुझ्या जागी मला जायचंय, तेच तर सांगतेय.”

“अगं, मी वर्गात येऊन तुला थोडीच त्रास देणार आहे? एकदा येईन, कार्डावर शिक्का घेईन, घरी जाईन.”

“पण तू आलीस की मी बाहेर.”

“एका माझ्यामुळं?” मावशीला हे खरंच पटत नव्हतं. “एवढी मोठी शाळा, आणि एका म्हातारीमुळं तुला जागा नाही? द्रोसुलाला सांग, एक खुर्ची जास्त टाक म्हणावं.”

प्रत्येक दारात हेच. कुणाचा मुलगा अथेन्सला, कुणाची नात नुकतीच जन्मलेली, कुणाचे गुडघे तपासायचे. कुणीही वाईट बोललं नाही. उलट आत बोलावून गोड खाऊ घातलं, पाठीवर हात ठेवला, तुझं नक्की होईल म्हणाले आणि जागा सोडली नाही. भांडायला कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायला लागलं. याकूमीसही दोन दिवस टोलवत राहिला.

“मला भाड्याचं काही नाही,” तो म्हणाला. “पण काल पोरं मला विद्यार्थी म्हणून हाक मारत होती. पन्नासाव्या वर्षी. बरं वाटलं गं.”

“काका, मी तुमच्याकडेच पहिल्यांदा आले होते.”

याकूमीसनं कपबशी दोनदा पुसली. “तसं तोंड करू नकोस. नाही जात मी. बायकोला पण सांगतो.”

असं करत करत, रडकुंडीला येत, आनेझा वर सरकली. शेवटच्या दुपारी तिनं हिशेब मांडला आणि तिला चक्क हसू आलं. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती. तिच्या वर पंचवीस नावं राहिली होती, आणि त्यांतलं एक आईचं होतं. आईला सांगायचंसुद्धा तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आईनं कचेरीत जायचं नव्हतं, बस. आई तशीही भाजी आणि चर्च सोडून कुठं जात नसे.

कचेरी बंद व्हायच्या वेळी ती द्रोसुलाबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

“तुझा नंबर पहिलाच आहे खाली,” द्रोसुलाबाई म्हणाल्या. “पण वरच्या पंचवीसांतलं आता कुणी गळलं नाही.”

“आई गळली ना.”

द्रोसुलाबाईंनी चष्मा लावला, काढला. 

“मार्गारो सकाळीच येऊन गेली,” त्या म्हणाल्या. “फोटोसुद्धा आणला होता. नवीन काढून.”

घरी आई पालेभाजी निवडत होती. आनेझानं दार आपटलं नाही, उघडंच ठेवलं.

“तू प्रवेश पक्का केलास?”

“केला.”

“का? बोटीसाठी? तू कधी बसतेस बोटीत?”

“बोटीसाठी नाही.”

“मग कशासाठी, आई? मी आठ दिवस दारोदार फिरतेय. लोकांच्या पाया पडायची राहिलेय नुसती. आणि माझ्याच घरात...” तिला रडू फुटलं, आणि फुटलं म्हणून तिला आणखी राग आला.

आईनं भाजीची टोपली बाजूला ठेवली. ती एकोणपन्नास वर्षांची होती. तीन मुलगे जहाजांवर आणि शहरात पांगले, ही चौथी. चाळिशीत तिनं रात्रशाळेत जाऊन बारावी पूर्ण केली होती. तेव्हा घरात सगळे त्याला ‘आईचा नाद’ म्हणायचे, आणि दाखला आला त्या दिवशी तो कपाटात गेला.

“आठ दिवस तू सगळ्या गावाला विचारत फिरलीस, तुम्हाला खरंच शिकायचंय का म्हणून,” आई म्हणाली. “मला म्हणालीस, आई, इथं सही कर. मी केली. तुझ्यासाठीच केली. मग तू तो अभ्यासक्रमाचा कागद टेबलावर ठेवून गेलीस. मी वाचला. हाडांचं प्रकरण वाचलं, श्वासाचं वाचलं. बाळंतपणाचं आहे त्यात एक. मी चार पोरं जन्माला घातली, आनेझा. आत काय चाललं होतं ते मला कधी कुणी सांगितलं नाही. जोर लाव म्हणाले, मी लावला. मला ते शिकायचंय.”

“दोन वर्षांनी, एक्कावन्नाव्या वर्षी तुला कोण घेणारेय अँब्युलन्सवर?”

“कुणी नाही.”

“मग काय उपयोग?”

“काही नाही,” आई म्हणाली. “तुझ्यासारखा उपयोग नाही.”

आनेझाला बोलायला काहीतरी कठोर हवं होतं आणि ते लगेच सापडलं. “तू माझी जागा चोरलीस,” ती म्हणाली. आईनं टोपली पुन्हा मांडीवर घेतली. ती भाजी निवडायला लागली. आनेझा खोलीत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. आईवर राग धरावा तर आईचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणून आपला हक्क कमी होत नाही, हेही खरं होतं. दोन्ही एकदम खरं असलं की माणसाचा जीव गुदमरतो. 

सोमवारी वर्ग सुरू झाला. आनेझा शाळेच्या आवारात जाऊन उभी राहिली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. पाच वाजता जत्रा लोटली. कोंदिलो मावशी चांगला कोट घालून आली होती. सगळ्यांनी हजेरीवर सही केली, कार्डावर शिक्के घेतले, डॉक्टर सारांदीसांशी हात मिळवला आणि निम्मे लोक मागच्या दारानं घरी गेले. आई आली नव्हती. आईला उशीर झाला असेल, असं आनेझाला वाटलं. घरी गेली तर आई इस्त्री करत होती.

मंगळवारी वर्गात नऊ माणसं होती. बुधवारी आठ. आनेझानं खिडकीतून मोजली. डॉक्टर सारांदीस बाहेर सिगारेट ओढायला आले. सक्तीच्या ग्रामीण सेवेसाठी आलेला, दाढी वाढलेला, सदा झोप अपुरी राहिलेला तरुण माणूस.

“आत येऊन बस ना,” ते म्हणाले. “मी हाकलणार नाही.”

“आणि नाव?”

“नाव लिहिता येत नाही. खुर्च्या रिकाम्या आहेत, जागा रिकाम्या नाहीत.”

“ती माणसं परत येणार नाहीत, डॉक्टर. तुम्हालाही माहीत आहे.”

“माहीत आहे. पण एकदा येऊन गेली. पहिल्या आठवड्यात एकदाही जो येत नाही, तेवढ्याचंच नाव कटतं. नंतर गैरहजेरीनं कटतील, तेव्हा हिवाळा संपलेला असेल आणि प्रतीक्षा यादी बाद झालेली असेल.” त्यांनी सिगारेट विझवली. “फक्त एक बाई अजून आलेली नाही. मार्गारो विदाली. शुक्रवारपर्यंत आली नाही तर सोमवारी तू सही करायची.”

तेव्हा तिला कळलं. आई कसली इस्त्री करत होती ते कळलं.

घरी जाऊन तिनं तो विषय काढला नाही.  आईनं गाजावाजा केला नव्हता, त्याग वगैरे शब्द काढला नव्हता, नुसती पाच वाजता घरात राहिली होती. आनेझाला वाटलं, ठीकच आहे. माझं वय आहे, माझी नोकरी होणार आहे, आई मला हवी ती गोष्ट देतेय, आया देतात. गुरुवारीही तिनं स्वतःला हेच सांगितलं. मात्र त्या दिवशी पाच वाजता आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून शाळेच्या रस्त्याकडे पाहत होती. मुलगी आत आल्यावर तिनं घाईनं नळ सोडला आणि धुतलेला पेला परत धुतला. आनेझाला जेवण गेलं नाही. दुसऱ्याचं हिसकावून घेतलं असतं तर तिला झोप लागली असती. हे हातात आणून दिलं होतं आणि घेता येत नव्हतं.

त्यात शुक्रवारी पिरेअसच्या संस्थेची उरलेल्या जागांच्या प्रवेशाची दुसरी फेरी रात्री आठ वाजता बंद होत होती. स्मारो आत्याचा सकाळी फोन आला होता. “येणार असशील तर सांग, खाट माळ्यावरून काढायला माणूस बोलवावा लागतो,” आत्या म्हणाली होती. “आणि केस बांधून झोपावं लागेल, माझ्या स्वयंपाकघरात केस नकोत.” आनेझानं उत्तर दिलं नव्हतं.

पाच वाजता ती शाळेच्या फाटकाबाहेरच्या दगडी कठड्यावर बसली. वर्ग आठला सुटणार होता. तीन तास आई आली नाही की झालं. ती चढाच्या रस्त्याकडे डोळे लावून बसली. मध्ये एकदा एक बाई वळणावरून वर येताना दिसली आणि आनेझा कठड्यावरून अर्धी उठली. बाई दुसरीच निघाली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. आपली आई दिसू नये म्हणून आपण इथं पहारा देत बसलोय.

सहाच्या सुमाराला आई खरंच आली. हातात झाकलेला डबा होता.

“दुपारी जेवली नाहीस,” आई म्हणाली. “चण्याचे वडे आणलेत. गरम आहेत तोवर खा.”

“दे. ये, बस.”

“नको. मी इथंच बरी.” आई फाटकाच्या दहा पावलं अलीकडे थांबली होती. तिथून हात लांब करून तिनं डबा पुढं केला. “आत पाऊल पडलं आणि कुणी पाहिलं, तर हजेरी लागायची. उगाच तुझं नुकसान.”

आनेझानं डबा घेतला नाही. ती आईच्या हाताकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात सणक गेली. द्रोसुलाबाई, कोंदिलो मावशी, टायरच्या दुकानाशेजारचा तो माणूस, चार मुलांचे गुण, अर्धं भाडं, सगळ्यांचा राग एकदम वर आला. ज्यांना शिकायचंच नव्हतं त्यांनीही जे सोडलं नव्हतं, ते या बाईनं मुकाट्यानं सोडलं होतं, आणि वर ती फाटकापासून दहा पावलं लांब उभी होती. तिनं कठड्यावरून उडी मारली आणि आईचा दंड धरला.

“चल.”

“कुठं?”

“आत चल.”

“आनेझा, सोड. वेडी झालीस का? सोमवारी तुझी सही आहे.”

“मला नको ती सही. चल म्हणतेय ना.”

“तू एवढी फिरलीस गं दारोदार,” आई म्हणाली आणि तिनं पाय रोवले. “मी तुझ्यावर रागावलेली नाही. मी खरंच सोडलंय.”

“मी रागावलेय. तुझ्यावर, सगळ्यांवर. आणि ही जागा घेतली ना, तर मी जन्मभर तुझ्यावर रागावलेली राहीन. चल आता, तास अर्धा संपला.”

लोक काय म्हणतील हा प्रश्न नव्हता, कारण लोक खिडक्यांत येऊन बघतच होते. आनेझानं आईला आवारातून, पायऱ्यांवरून, व्हरांड्यातून ओढत नेलं. डबा आईच्या दुसऱ्या हातात तसाच होता. वर्गाच्या दारात दोघी थांबल्या. आत पंचवीस बाकांवर सात माणसं बसली होती. डॉक्टर सारांदीस जमिनीवर गुडघे टेकून रबरी पुतळ्याच्या छातीवर हात कुठं ठेवायचा ते दाखवत होते. त्यांनी मान वर केली आणि दोघींकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, पण हजेरीचा कागद समोर होता आणि कागदाला विचारावं लागतं.

“नाव?”

आईनं लेकीकडे पाहिलं. 

“मार्गारो विदाली,” आनेझा म्हणाली. “हजर आहे. लिहा.”

तिनं आईच्या हातातून डबा काढून घेतला आणि ती बाहेर आली. कठड्यावर बसून तिनं मोबाइल उघडला. पिरेअसचं पान, दुसरी फेरी. जन्मतारीख, दाखल्याचा नंबर, राहण्याचा पत्ता. पत्त्याच्या रकान्यात तिनं स्मारो आत्याचा पत्ता घातला आणि दात ओठ खात बटण दाबलं. अर्ज मिळाला असा निरोप आला. आत्याला तिनं लिहिलं, ‘खाट काढ.’ मग ती वडे खायला लागली. वड्यांत मीठ जास्त झालं होतं की तिचंच नाक-डोळे वाहत होते, ते तिनं पाहिलं नाही. अडतिसाव्या नंबरावरून ती एवढी वर चढली होती, आणि आता घडीच्या खाटेवर जाणार होती. याचं कुणी कौतुक करावं असं तिला वाटत नव्हतं. कुणी केलं असतं तर तिनं डबा फेकून मारला असता.

वर्गाच्या खिडकीत दिवा लागला होता. आई पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. कोपरे ताठ, हातावर हात. डॉक्टर काहीतरी म्हणाले, बहुतेक आणखी जोरात म्हणाले असतील. आई अंगातल्या सगळ्या वजनानं दाबायला लागली. तिच्या केसांची पिन सुटली, केस तोंडावर आले. ते तिनं मागं सारले नाहीत. डॉक्टर मोजत होते आणि तिचेही ओठ हलत होते.

एकदा तरी तिनं खिडकीकडे बघावं, म्हणून आनेझा वाट बघत बसली. आईनं पाहिलं नाही. आनेझाला त्याचा फार राग आला, आणि तो राग ती बोटीतून पिरेअसपर्यंत घेऊन गेली.